रंभेच्या मांडवातली ताटं

रंभा पेणच्या बाजारात शिरली की मासळीवाल्या एकमेकींना कोपराने ढोसतात. "आली गो, डबेवाली आली!" रंभा काय ऐकून घेणारी आहे होय? "व्हय, आली! आणि पिशवी पुढं केलीस तर बोंबील तुझ्याच टोपलीत टाकून जाईन." दुधाला किटली, मासळीला डबा, गूळ-डाळीला जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या पिशव्या. दुकानदाराने सवयीने प्लास्टिकच्या पिशवीकडे हात नेला की ही सरळ त्याचं मनगट धरते. तिचा नवरा जनू तेव्हा चार पावलं मागे उभा राहून भलत्याच दुकानाची पाटी वाचत असतो. बिचारा! बत्तीस दात असून बोलायची सोय नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात कुणी भरवलेलं नाही. भाषणं ऐकायला तिला वेळ कुठे? तिला शिकवलं तिच्या शेताने.

कासू स्टेशनात उतरून आत चालत गेलं की तिची वाडी लागते. वाडीतली सगळी कार्यं देवळापुढच्या मैदानात होतात, आणि त्या मैदानाला लागूनच रंभेचं शेत. भात कापला की ती त्यातच वाल पेरते. जेवणावळ उठली आणि वारा सुटला की फेकायच्या पातळ थाळ्या, पेले, वाट्या सगळं नाचत नाचत तिच्या बांधावर येतं. पावसात तोच कचरा बांधाखालच्या मोरीच्या तोंडाशी बोळा होऊन बसतो, पाणी तुंबतं आणि भाताची रोपं कुजतात. मग रंभा कमरेएवढ्या पाण्यात उतरून तो बोळा उपसते आणि वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "लगीन तुमचं, जेवण तुमचं आणि केर माझा काय रे?"

यंदा तिच्याच मुलीची, मनालीची, हळद आली. रंभेने जाहीर करून टाकलं, "माझ्या मांडवात फेकायची थाळी येणार नाय. गावकीची भांडी काढायची."

गावकीची भांडी म्हणजे वाडीने वर्गणी काढून घेतलेली स्टीलची ताटं, तांबे आणि पेले. देवळामागच्या खोलीत असतात. पूर्वी प्रत्येक कार्याला निघायची. थाळ्या आल्या आणि खोलीला कुलूप लागलं. चावी गावकीचे म्हातारे पंच दाजी यांच्या कमरेला.

पहिली फणकारली ती धाकटी जाऊ सुरभी. "ताय, भांडी काढशील गो, पण घासणार कोण? माझ्या लग्नात माझी आय नळावर बसली ती वरात निघताना उठली. लेकीची पाठवणी तिला धड बघता आली नाय. थाळ्या आल्या म्हणून आम्हा बायांच्या कमरा वाचल्या. तू त्या परत मोडायला निघालीस!"

 रंभा दिवसभर वालाच्या शेंगा सोलत राहिली. सुरभीचं खोटं नव्हतं. आपल्या शेतातला केर उचलून जावेच्या पाठीवर टाकायचा, हा कुठला न्याय? संध्याकाळी ती उठली आणि सुरभीच्या दारात जाऊन म्हणाली, "तुझं खरं हाय. बायांनी नाय घासायची. जो जेवेल तो आपलं ताट घासेल. बाप्या असो नाय तर बाई."

आता मात्र वाडीत आग लागली. कुणाच्या दारी जेवलेल्याने आपलं उष्टं ताट स्वतः उचलायचं म्हणजे यजमानाची नाचक्की, अशी इथली रीत. त्यात बाप्यांनी नळावर बसायचं! सुरभीचा नवरा हितेश रोह्याला कंपनीत कामाला. तो शिफ्ट संपवून तावातावाने आला. "वहिनी, कंपनीच्या कॅन्टीनला मी रोज माझी प्लेट धुतो. पण ती कंपनी झाली. इथं घराची अब्रू हाय."

"तिथं साहेब बघतो म्हणून धुतोस ना? मग त्या दिवशी मला साहेब समज!"

दाजींनी चावी दिली, पण मिशीत हसत. "घे. मांडव रिकामा राहिला तर माझ्याकडे रडत येऊ नको."

रंभेच्या जिव्हारी लागलं ते मात्र मनालीचं बोलणं. "आई, तुला शेत मोठं का माझी हळद? कुणी जेवलंच नाय तर सासरचे जन्मभर ऐकवतील मला." तिचे डोळे भरून आले. रंभा "जेवतील" एवढंच म्हणाली आणि चुलीपाशी निघून गेली.  पोरीला एकच हळद. आणि ती आपल्या हट्टापायी नासली तर?

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. माणसं आली ती जेवायला कमी आणि तमाशा बघायला जास्त, हे रंभेला कळत होतं. पहिली पंगत रितीप्रमाणे मानकऱ्यांची. दाजी मधोमध बसले. भात, डाळ, पापड आणि रंभेच्या शेतातल्या वालाचं बिरडं. दाजींनी बिरडं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, ढेकर दिली आणि बसून राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे सगळ्यांत वडील माणूस उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठत नाही. दाजी उठेनात, म्हणून पंगत उठेना. सगळ्यांचे हात वाळायला लागले. मागे पोरं भुकेने किरकिरू लागली. बाया तर शेवटच्या पंगतीच्या धनी, सकाळपासून राबून उपाशी. दाजी ताटाकडे बघत निवांत बसलेले. कुणीतरी घाबरून ताट उचलायला येईल, याची त्यांना खात्रीच होती.

रंभा आली आणि त्यांच्या पुढ्यात जमिनीवरच मांडी घालून बसली.

"काय दाजी, आणखी वाढू?"

"पोट भरलं."

"मग उठा की."

"ताट उचलायला कुणी आलं की उठतो."

"कुणी नाय येणार. बसा, मी पण बसते."

जनूचं तोंड एवढंसं झालं. हितेश मांडवामागून थाळ्यांचा गठ्ठा घेऊन आला. गुपचूप आणून ठेवला होता गुलामाने! "वहिनी, पुरे झालं. दुसरी पंगत यावर बसवू."

"बसव. पण जेवून झालं की ज्याने त्याने आपली खरकटी थाळी खिशात घालून घरी न्यायची. माझ्या शेतात एक जरी दिसली तर ज्याची त्याच्या दारात नेऊन टाकीन."

थाळी घ्यायला एकानेही हात पुढे केला नाही. हळदीने माखलेली मनाली पाटावर मान खाली घालून बसली होती. रंभेने तिच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, उठावं, उचलावं ते मेलं ताट आणि मोकळं व्हावं. तिचा हात पुढे झालाही.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून दाजींची बायको मालू कडाडली, "अवो, उठताय का नाय? तुमचा मान जेवून तृप्त झाला, माझ्या पोटात कावळे ओरडतायत! जन्मभर तुमचं ताट उचललं मी, माझे हात झडले नायत. तुमचे एका दिवसात झडणार हायत काय?"

बाया फिसकन हसल्या. मग पोरं हसली, मग पंगतीतला एक मानकरी ताटात बघून खुदकन हसला आणि सगळा मांडवच हसायला लागला. दाजी लाल झाले. पण म्हातारा पक्का. गुडघ्यावर हात टेकून उठला, ताट उचललं आणि नळाकडे चालू लागला. त्याच्यामागे अख्खी पंगत खडखड करत उठली.

नळावर राख होती, नारळाच्या शेंड्या होत्या. दाजींनी ताट विसळल्यासारखं केलं आणि ठेवायला निघाले. मालूने ते उलटंपालटं करून पाहिलं. "कडेला डाळ हाय. परत घासा."

दुसरी पंगत उठली तेव्हा हितेश आपलं ताट आणि शेंडी घेऊन तिथेच बसला, आणि त्याचा हात इतका सराईत चालला की सुरभी कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "घरी कधी दिसला नाय हा हात!" ती म्हणाली.

बायांची पंगत शेवटी बसली. पण या खेपेला पुढ्यात उष्ट्यांचा डोंगर नव्हता, म्हणून त्या गप्पा मारत, हसत, दुसऱ्यांदा भात मागत जेवल्या. सगळ्यांत शेवटी रंभा जेवली. दिवसभरात पहिला घास. तिने ताट उचललं तर समोर दाजी उभे.

"दे इकडं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मुलीची आय तू. आज तरी तुला नळावर बसू देणार नाय."

 रंभेचे डोळे एकदम भरून आले. जन्मात तिच्या उष्ट्या ताटाला कुणी हात पुढे केला नव्हता. क्षणभर तिने ताट सैल सोडलंही होतं.

मग तिने ते घट्ट धरलं.

"सोडा, दाजी. जेवले मी, घासणार मी."

आणि ती नळाकडे निघाली. बाप्यांची रांग बाजूला सरकली. पाटावरून मनाली ओरडली, "आई, कडेला डाळ ठेवू नको हां!"