काकूंच्या अजबखान्यातला पांढरा झगा

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही — नवऱ्याला नाही, लेकींना तर नाहीच. तुम्हांला सांगते.

हिंगोलीत आमच्या शेजारी कृष्णाकाकू राहायच्या. त्यांचे यजमान सायगॉनला — आता व्हिएतनाम म्हणतात त्या मुलखात — एका कापडवाल्याकडे कारकून होते. ते तिकडेच वारले. काकू दोन पेट्या घेऊन परतल्या, पेट्यांत सगळे तिकडच्या बायकांचे कपडे. ते त्यांनी पुढच्या खोलीत बांबूंवर टांगले. गाव त्याला काकूंचा अजबखाना म्हणायचं. बाजारच्या दिवशी पुसेगावच्या, साखऱ्याच्या बायका पाहायला यायच्या. ताडपत्राची टोकदार टोपी एकमेकींच्या डोक्यावर ठेवून हसायच्या. कडुनिंबाच्या पाल्याचा आणि रेशमाचा मिळून एक वास असायचा त्या खोलीत. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही.

मधोमध एक पांढरा रेशमी झगा होता. उंच गळा, घोट्यापर्यंत लांबी, कमरेपासून दोन्ही बाजूंनी उघडा, खाली सैल विजार. तिथल्या शेजारणीनं काकूंसाठी हातानं शिवलेला. त्याला काकू कुणाला हात लावू देत नसत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. एका दुपारी काकू देवळात पुराणाला गेल्या, किल्ली माझ्याकडे देऊन. मी तो झगा अंगात घातला. काहून घातला? — आपण त्यात कशा दिसतो ते बघायला, दुसरं काय? हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत रेशीम उसवत, फाटत गेलं. फाटकी बाजू भिंतीकडे करून मी तो तसाच टांगला.

दुसऱ्या दिवशी काकूंना ते दिसलं. खोली झाडायला सीता यायची, माझ्याच वयाची.

"म्या हात बी लावला न्हाई, काकू," ती म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणाले, "काल ती झग्यापाशी उभी होती. मी पाहिलं."

एवढंच बोलले. सीता रडली नाही. केरसुणी भिंतीला टेकवून निघून गेली, ती पुन्हा आली नाही. महिन्याभरात काकूंनी खोली बंद केली. दाखवायचं मन उरलं नाही म्हणाल्या.

पुढे अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं पळापळ झाली, तेव्हा काकूंना घेऊन आम्ही निजामाची हद्द ओलांडून वाशीमला गेलो. काकू तिथेच तापानं गेल्या. सगळं निवल्यावर परतताना कनेरगाव नाक्याला सीता भेटली. तिनं माझ्या डोक्यावरचं बोचकं उतरवून घेतलं, पाणी दिलं. काकू गेल्याचं ऐकून माझ्याशेजारी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, काकूंचा माह्यावरचा राग गेला व्हता का, जाताना?"

तिथे आम्ही दोघीच होतो. तेव्हा तरी सांगता आलं नसतं का?

"व्हय," मी म्हणाले. "त्यांनी माफ केलं तुला."

तिनं डोळे मिटून हात जोडले. मी पाणी प्यायले आणि पुढे चालू लागले.