दत्तारामांची आखणी आणि माझी कोरी पाटी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिला मी काय काय सांगून बसलोय ते ऐकलंत तर थक्क व्हाल!

नव्वदच्या दशकात पेण-रोह्याकडच्या यकृताच्या कॅन्सरच्या रुग्णांना मुंबईच्या इस्पितळात वेळेवर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. तिथं किरणोत्सारी औषध रक्तवाहिनीतून थेट गाठीत सोडत. ते ठरल्या दिवशी यायचं आणि दिवसागणिक त्याचा जोर उतरायचा. रुग्ण हजर नसला, की डोस वाया. माझ्या यादीतला एकही वाया गेला नव्हता — एकही! वाया डोसांची माझी पाटी कोरी! वाटेत गडब गावाशी जीप बंद पडली, तर मी पेशंट कलिंगडांच्या टेम्पोतून नेला. छाती फुगायची. का फुगू नये?

अन् एका सकाळी रोह्याच्या बाईंना ताप भरला. जागा रिकामी! यादीत पुढचे दत्ताराम — पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारे. तपासण्या झालेल्या. पण चतुर्थी आठवड्यावर आलेली, आणि डॉक्टर फोनवर स्वच्छ म्हणाले होते, की त्यांना पुढच्या महिन्यात घेतलं तरी चालेल.

तरी मी गेलो.

"नाय हो भाऊ, साठ मूर्ती बिनडोळ्यांच्या हायत. आखणार कोन, तुमी?"

"परवा परत आणतो की!"

"व्हय? नायतर तुमालाच या वळीत उभा करीन, बिनडोळ्यांचा!"

परवा — औषधानंतर आठवडाभर वेगळ्या खोलीत एकट्यानं राहावं लागतं, हे प्रत्येक रुग्णाला मीच तर समजावत असे. त्यांनाच तेवढं नाही सांगितलं.

डोस झकास गेला! गाठ आकसली. पुढच्या महिन्याचा डोस रोह्याच्या बाईंना मिळाला. डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर माझी पाठ थोपटली. मी मान लववली — नाटकातल्यासारखी.

इकडे कारखान्याच्या मालकांनी घाईघाईत दुसरा आखणीवाला आणला. तो टिकला. दत्ताराम परतले तेव्हा खिडकीजवळच्या त्यांच्या पाटावर तो बसलेला. ते पुढं कैक वर्षं जगले — मूर्तींची पीतांबरं रंगवत. डोळ्यांना त्यांचा कुंचला पुन्हा लागला नाही.

दर चतुर्थीला मला घरी बोलवायचे. पाहुण्यांना सांगायचे, "या भाऊंनी माजा जीव वाचवला. डोळं काय, कोनी पन आखील."

मी त्यांचा जीव वाचवायला गेलोच नव्हतो. माझी पाटी कोरी ठेवायला गेलो होतो. आणि दर वर्षी, सगळ्यांच्या आधी, पहिला मोदक मी उचलत होतो.