आमच्या दैवशालाचं ‘येते’

आमच्या झरी गावात मास्तर सोडले तर इंग्रजी समजनारे दोघंच. एक मी, सातवी पास, अन् दुसरी माझी धाकटी बहीन दैवशाला. तिला गोडी मीच लावली, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळेत असताना एकदा तिच्या पोटात दुखायलं. मास्तरला "आय कम" म्हनून ती घरी निघून आली. आपल्यात जाताना ‘जाते’ म्हनत न्हाईत, ‘येते’ म्हनतात. तिनं तेच इंग्रजीत म्हनलं. मास्तर शाळा सुटंस्तोवर दाराकडं बघत बसले.

दहावीत ती एकट्या इंग्रजीत नापास झाली. मंग लगीन होऊन सोनपेठला. एका पावसाळ्यात पुन्हा फारम भरला अन् अभ्यासाला माहेरी आली. मास्तरनं क्रियापदं दिली होती वाक्यात वापरायला. रिटर्न, कम बॅक, गो बॅक, रियुनाइट.

"रिटर्न मला इचार," मी म्हनलं. "परभनी-चुडावा रिटर्न तिकीट कैक डाव काढलंय. रिटर्न म्हंजे जानं अन् येनं, दोनी."

"दादा, ते तिकिटाचं. हितं नुसतं परत येनं."

"न जाता कसं येनार?"

ती पुढच्या क्रियापदाकडं वळली.

दिवाळी झाली अन् दाजी न्यायला आले. राधाकिशन नाव. ऊसतोडीची टोळी निघाली होती. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हनतात, एकट्या गड्याला मुकादम घेत न्हाई. एकदा गेलं की भर उन्हाळ्यातच सुटका, अन् परीक्षा मार्चात. दैवशाला कोपऱ्यात बसून पाठ करायली.

"गो बॅक. गो बॅक."

"म्हंजे काय?" दाजीनं इचारलं.

"परत जा."

दाजीनं बशी खाली ठेवली. "मला म्हनायलीस का?"

"न्हाई, पाठ करायले."

माय पदर तोंडाला लावून हासायली. दाजी बी हासले. मंग म्हनले, "परीक्षेला आनून सोडतो."

"पाव्हनं, माझ्यासमोर बोलला हाव," मी म्हनलं. माझ्यासमोर बोलून फिरलेला मानूस झरीत तरी न्हाई.

निघताना तिनं पुस्तक गठुड्यात खुपसलं अन् उंबऱ्यात उभी राहून म्हनली, "येते." आता जानारी हरेक बाई तेच म्हनती. त्यावरून काई कळत न्हाई.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एस्टीतून दोघं उतरले. पुस्तकाला उसाचा रस लागून पानं चिकटली होती. दाजीनं गठुडं ठेवलं, पानी पेले, अन् त्याच गाडीनं माघारी निघाले.

"मुकादम काय म्हनला?" मी इचारलं.

"लय बोलला. मी बी म्हनलो, गो बॅक."

"अर्थ सांगितला का त्याला?"

"कशाला सांगू?"

पेपरात नेमका रियुनाइट आला, म्हंजे पुन्हा एकत्र येनं. घरी येऊन तिनं सांगितलं काय लिहिलं ते. "आफ्टर एक्झाम माय कोयता विल रियुनाइट."

"कोयता कामून लिहिलं गं?"

"जोडीला दुसरं काय म्हनू, दादा?"

तपासनाऱ्यानं कोयता म्हंजे काय समजलं ते त्यालाच मालूम. पन ती पास झाली. मी गावात पेढे वाटले अन् घरोघर सांगितलं, शिकवलं कोनी ते.