सलगी मडकं धुते

आमच्या गावात हंडिया, म्हणजे भाताची दारू, घरोघरी होते, पण सलगीच्या घरची पिऊन कुणी दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसत नाही. लोक म्हणतात, तिच्या हाताला गुण आहे. मी तिची शेजारीण, मला विचारा. सगळी खुबी आहे ती मडकं धुण्यात.

आम्ही मडकं विसळतो, सलगी धुते. आधी चुलीतली राख आणि पेंढ्याचा बोळा, मग उकळतं पाणी, मग झऱ्याचं गार, मग उन्हात पालथं. वाळलं की पेंढा पेटवून मडकं पोटातून तापेपर्यंत धुरावर धरायचं. शेवटी तोंड आत घालून हुंगायचं. धुराशिवाय कसलाही वास आला की पुन्हा राख. मला एकदा चारचौघांत म्हणाली, "जांबी, तुझ्या मडक्यात मागच्या सणाची हंडिया अजून मुक्कामाला आहे गं!" असा राग आला होता! पण बाई खोटं बोलली नव्हती.

यंदा सरहूलच्या सणाला पितरांची हंडिया सलगीची नवी सून जौनी लावणार होती. त्या घरची रीतच तशी. ती हंडिया लावेपर्यंत सुनेला आडिंगमध्ये, पितरांच्या आतल्या खोलीत, पाऊल टाकता येत नाही. पोर शहराकडची, पण कामसू. सासूला खूश करायला तिने काय करावं? आजेसासूच्या वेळचं ते मडकं कपडे धुवायच्या पावडरीने फेस काढकाढून घासलं. माती ती, तिने सगळा साबण पिऊन घेतला. मला वास कुंपणापलीकडे आला, तेव्हा मीच बोंब ठोकली.

"फोडून टाका, बाजारातून नवं आणतो," सलगीचा मुलगा दुबराज म्हणाला. सलगीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राख, कोंडा, उकळतं पाणी, ऊन, धूर, हेच तिचं रोज चाललं. सुनेला एका शब्दानेही टाकून बोलली नाही. जौनी शेजारी बसून घासायची, तिची बोटं सोलवटली होती.

हंडिया लावायचा दिवस आला. भात शिजवून चटईवर पसरला, निवल्यावर तो आंबवायला रानूच्या गोळ्या कुटून कालवल्या. आता तो त्याच दिवशी मडक्यात जायला हवा, नाहीतर वाया. मी मदतीला गेलेच होते. सलगीने धुरावरचं मडकं उचललं आणि सुनेपुढे धरलं.

"हुंग."

"आई, तुम्हीच बघा ना."

"मला काय कळणार? हिवाळ्यातल्या तापापासून मला कशाचाच वास येत नाही. तू सांगशील तसं."

मी दुबराजकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

जौनीने तोंड आत घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. धुराचाच वास आहे, एवढं म्हणाली असती की सुटली असती. मी तर म्हणालेच असते. तिने मान वर केली तेव्हा डोळे भरले होते.

"येतोय, आई. अजून साबणच येतोय."

दुबराजने कपाळाला हात लावला. सलगीने मडकं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे वळली.

"जांबी, तुझं मडकं दे."

जन्मात कुणाचं मडकं न मागितलेली बाई! मी कशी सोडीन?

"का गं? माझ्यात तर मागच्या सणाची हंडिया मुक्कामाला असते ना?"

"तिला घालवते. आण आधी."

दोघी सासू-सुना माझ्याच अंगणात बसल्या. एक घासत होती, दुसरी पाणी ओतत होती. ऊन चांगलं होतं, मडकं लवकर वाळलं. त्याचा खरा रंग कसा आहे ते मला त्या दिवशी कळलं. असं धुणं माझ्याच्याने सात जन्मांत होणार नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं. ती हसली नाही, धुराकडे लक्ष होतं.

तापलेलं मडकं तिने पुन्हा सुनेपुढे धरलं.

"धूर," जौनी म्हणाली. "नुसता धूर."

"नक्की?"

"नक्की, आई."

भात भरला, तोंडाला सालाच्या झाडाची पानं बांधली. सलगीने मडकं उचलून जौनीच्या हातात दिलं आणि आडिंगचं दार ढकललं.

"चल, आत ठेव."