सेपरेट कुणाला पाहिजे?

किसनराव ओव्हाळांचा कुणावरच पटकन विश्वास बसत नसे, आणि त्याबद्दल त्यांना आयुष्यभर पगार मिळाला होता. चाकणच्या एका कंपनीत ते गाड्यांचे सुटे भाग तपासायला होते. चांगला भाग पुढं जायचा, खराब भाग लाल ट्रेमध्ये. ज्याच्याबद्दल नुसतीच शंका आहे तो पिवळ्या ट्रेमध्ये, बाकीच्यांपासून लांब. निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पण पिवळा ट्रे परत मागून घ्यायला ती विसरली. तो डोक्यात घेऊनच किसनराव घरी आले. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघत. दारावरची बेल वाजली की आधी खिडकीतून, मग भोकातून, मग साखळी लावून. घरात कुणी हळू बोललं की यांचे कान टवकारलेच.

सध्या ट्रेमध्ये सून होती. आम्रपाली कामसू, हसतमुख, सासूला जीव लावणारी. इतकी चांगली सून असण्यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं किसनरावांना लग्नापासून वाटत आलं होतं. आठवड्यातले काही दिवस ती घरूनच कंपनीचं काम करायची, कानात यंत्र घालून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत इंग्रजीत बोलायची. सगळं काही किसनरावांना कळत नव्हतं, पण नेमके शब्द कळायचे. सेपरेट. प्रायव्हसी. स्पेस. डिस्टन्स. अलोन. एखादा शब्द चुकून कुणाच्याही तोंडात येईल. इथं तर वेगळं होण्याचा ट्रकच्या ट्रक माल उतरत होता.

त्यातच मुलानं, संघर्षनं, मोशीला मोठा फ्लॅट बघितला होता. चिंचवडच्या या घरात मुलगा-सून आतल्या खोलीत आणि म्हातारा-म्हातारी हॉलमध्ये, अशी सोय होती. मोठं घर घेणार म्हणजे कुणासाठी घेणार, हे किसनरावांना कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, हा त्यांचा कंपनीतला अनुभव. ते नुसते बघत राहिले. आणि दिसायचं ते असं, की हे स्वयंपाकघरात शिरले की सासू-सुना एकदम गप्प, आणि कस्तुराबाई निवडून झालेली मेथी पुन्हा निवडायला घ्यायच्या.

न राहवून त्यांनी चिंचवड स्टेशनजवळच्या टपरीवर मारुतरावांपाशी विषय काढला. मारुतराव कंपनीतले जुने सोबती.

"राव, हे इंग्रजीतलं वेगळं निघणं हाय," मारुतराव चहा फुंकत म्हणाले. "आपल्यात कशी भांडणं व्हायची, भांडी आपटायची, मग चूल वेगळी. साऱ्या आळीला कळायचं. ह्यांच्यात आवाजच न्हाई. स्पेस पायजे म्हणत्यात, अन् एक दिवस दारात टेम्पो येतो."

"कसला टेम्पो?"

"सामानाचा. आमच्याकडं आला व्हता की."

म्हातारपणी आपण दोघंच, हे चित्र किसनरावांना सोसवेना. मुलावर त्यांचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर सुनेवरही होता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सहज म्हणून विचारलं, "अलोन म्हंजे काय गं?"

"एकटं," कस्तुराबाई कांदा चिरत म्हणाल्या.

"आन् लोनली?"

"एकटं पडलेलं. अलोन आपलं आपण ऱ्हायचं असतंय. लोनली दुसऱ्यांमुळं होतंय." बोलून झालं आणि त्यांचा हात थांबला.

"तुला कुणी शिकवलं हे?"

"आम्रपालीनं. भाजी निवडता निवडता."

म्हणजे सुनेनं सासूला फितवलं. किसनरावांनी तिथल्या तिथं बायकोलाही पिवळ्या ट्रेमध्ये टाकलं.

त्या दिवसापासून ते आपलं ताट घेऊन गॅलरीत जेवायला बसू लागले. कुणीतरी 'का' म्हणून विचारील, मग आपण बोलू, असा बेत होता. संघर्षला वाटलं, वडिलांना आत उकडतंय. त्यानं गॅलरीत पंखा लावून दिला. किसनरावांना तो पंखासुद्धा संशयास्पद वाटला.

रविवारी सगळे फ्लॅट पक्का करायला निघाले. संघर्ष म्हणाला, "पप्पा, चला, चप्पल घाला."

"मी कशाला?" किसनराव खुर्चीतून उठलेच नाहीत. "तुमचं सेपरेट तुमी बघा. मला काय कळत न्हाई व्हय? सूनबाई, फोनवर बोलण्यापरीस तोंडावर सांग की, सेपरेट पायजे म्हणून! मी काय आडवा येतोय?"

शेवटी शेवटी त्यांचा आवाज चिरकला. आम्रपालीचे डोळे भरून आले. तिनं फक्त सासूकडं पाहिलं.

"पप्पा, कुणी काय म्हटलं तुम्हाला?" संघर्ष गोंधळून म्हणाला. "आपण चौघंच राहणार आहोत तिथं."

"तिला कशाला बोलताय?" कस्तुराबाई म्हणाल्या. "सेपरेट मला पायजे."

"काय?"

"खोली. माझी एकटीची. आम्रपालीच्या मैत्रिणीला घराची मांडणी कळतीया, ही तिच्याशी तेच बोलत व्हती. माझ्यासाठी. मीच तिला म्हणलं व्हतं, ह्यांना सांगू नको."

किसनराव तोंडात मारल्यासारखे बसले. "ह्या वयात काडीमोड पायजे का तुला?"

"बघा! म्हणून तर बोलत न्हवते. आपल्या बोलीत म्हणायला गेलं की सोडलेली, टाकलेली, काडीमोड, येवढंच तोंडात येतंय. मला तसलं काय नको. पोरीनं इंग्रजी शब्द दिला, त्यात भांडण न्हवतं."

चप्पल घातलेलीच होती, ती तशीच पायात ठेवून त्या खाली बसल्या.

"तुमची नाइट शिफ्ट असली की दिवसा तुमी झोपायचा. तवा पिंपरीला आपली एकच खोली. दिवा न्हाई, आवाज न्हाई. उन्हात पोराला घेऊन मी उंबऱ्याबाहेर बसायची. लग्नात कुकर मिळाला, त्याची शिट्टी कधी वाजू दिली न्हाई, भात पातेल्यात शिजवला. आता तुमी घरी. दिवा लावला की 'का लावला', फोन घेतला की 'कुणाचा', उठले की 'कुठं'. मला तुमचा राग न्हाई वो. पण दुपारचं दार लावून, दिवा चालू ठिवून एकदा पडायचंय मला."

किसनरावांना बायकोचा रागही आला आणि लाजही वाटली, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते कळेना. पिंपरीची ती खोली भारी शांत होती, असं ते आजवर मित्रांना कौतुकानं सांगत आले होते. दिवसासुद्धा काय झोप लागायची तिथं! मग उठून त्यांनी चप्पल शोधली.

मोशीच्या घरात कस्तुराबाईंना छोटी खोली मिळाली. जेवणं झाली की त्यांचं दार लागायचं. सुरुवातीला किसनरावांनी त्या दाराभोवती पुष्कळ घिरट्या घातल्या. फटीतून भरदुपारी दिव्याचा उजेड यायचा. आतून कसलाच आवाज नाही.

"आत करतीस तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"काय न्हाई," त्या हसून म्हणाल्या. हे उत्तर खरं आहे की खोटं, ते तपासायची कुठलीच तऱ्हा किसनरावांना आयुष्यात कुणी शिकवली नव्हती.

अशाच एका दुपारी आम्रपालीनं डाळीचा कुकर चढवला आणि गॅलरीत फोनवर बोलत उभी राहिली. किसनराव हॉलमध्ये डुलक्या घेत होते. कुकर फुसफुसायला लागला, आणि ते असे दचकून उठले की पायातली चप्पल तिथंच राहिली. अनवाणीच जाऊन त्यांनी गॅस बंद केला.

आम्रपाली धावत आली. "पप्पा, अहो, एकही शिट्टी झाली नाही. डाळ कच्ची राहील."

"हळू बोल," किसनराव बंद दाराकडं बघत कुजबुजले. "पातेलं कुठंय? मी शिजवतो."