हिजिकीसाठी जामीन

शाळेची बस चालवण्यात आयुष्य गेलेल्या शिगेहारू नागुमोला कुत्रा पाळायचा होता. उसुकीसारख्या गावात यात काय अवघड, असं त्यालाही वाटलं होतं. बेवारशी कुत्रे दत्तक देणाऱ्या पहिल्या संस्थेनं वय विचारलं. सदुसष्ट म्हटल्यावर फोनवरची मुलगी इतकी अदबीनं माफी मागत राहिली, की शेवटी शिगेहारूच तिची समजूत घालू लागला. दुसऱ्या संस्थेला वय चाललं, पण घरात एकटा माणूस चालेना. गावाची पोरं त्याच्या हवाली करायला कुणी कधी कचरलं नव्हतं. कुत्र्याचं मात्र तसं नव्हतं.

तिसरी संस्था मिझोबेबाईंची. टाकून दिलेले कुत्रे गोळा करता करता बाईंचा माणसांवरचा विश्वास जवळजवळ उडाला होता. त्यांच्या मेळाव्यात लोक पिल्लांभोवती झुंबड करत असताना हिजिकी नावाचा एक काळा, वयस्कर कुत्रा शिगेहारूच्या बुटावर हनुवटी टेकून झोपून गेला. त्याचा मालक वृद्धाश्रमात गेला होता. झालं, शिगेहारूचं ठरलं. बाईंनी घर येऊन पाहिलं, दाराच्या आत जाळीचं फाटक बसवून घेतलं, उन्हाळ्यात एसी दिवसभर चालू ठेवाल ना, हेही विचारलं. सगळं जमलं. उरली एक अट: शिगेहारूचं काही बरंवाईट झालं तर कुत्रा घेऊन जाईल असं, साठीच्या आतलं कुणीतरी जामीन हवं.

त्यानं ओइता शहरातल्या भाचीला, चिआकीला फोन केला. ती म्हणाली, विचार करून सांगते मामा. असं म्हणणारा माणूस पुन्हा तो विषय काढत नसतो, हे उसुकीतलं शेंबडं पोरही जाणतं. शिगेहारूनं स्वतः अर्ध्या गावाला असंच वाटेला लावलं होतं. पण या खेपेला त्यानं तो होकार धरला आणि बाईंना तसं कळवून टाकलं.

बाई घरी आल्या, चहा घेतला, आणि त्याच्यासमोरच चिआकीला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"हो हो, नक्की," चिआकी म्हणाली. "मामाचा कुत्रा म्हणजे आमचाच की."

आवाज जरा जास्तच गोड होता. तिच्या इमारतीत कुत्रे चालत नाहीत, हे शिगेहारूला ठाऊक होतं. बाईंनी समाधानानं कागद पुढे सरकवला. सहीच्या जागी नावाचा शिक्का मारला की रविवारी हिजिकी घरी.

शिगेहारूनं शिक्का हातात घेतला, आणि परत डबीत ठेवला.

"ती नाही नेणार त्याला," तो म्हणाला. "तुमच्यासमोर माझी शोभा नको, म्हणून हो म्हणाली."

बाई रागावल्या नाहीत. हिजिकीच्या मालकाची सूनही अशीच हो म्हणाली होती, एवढंच बोलल्या. महिनाअखेरपर्यंत दुसरं कुणी पाहा, नंतर मी हिजिकी इतरांना दाखवणार, असं सांगून त्या निघाल्या.

नाही म्हणायला न लाजणारं एकच माणूस त्याच्या माहितीत होतं: शेजारची पन्नाशीची तोफूवाली हात्सुए. त्यानं दिलेली काबोसू लिंबं तिनं एकदा पिशवीसकट परत आणून दिली होती, परतफेडीची कटकट नको म्हणून. शिगेहारूनं तिच्या दुकानात जाऊन नको असलेला तोफू मागितला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मरायचं आणि मी कुत्रा फिरवायचा," तोफू कापता कापता ती म्हणाली.

"तसंच."

"त्यापेक्षा आधी डॉक्टरकडे जा ना. जिना चढताना धापा टाकता, त्या भिंतीपलीकडून ऐकू येतात मला."

तिनं पाण्यात हात बुडवून धुतले.

"घेऊन या एकदा. पुढून नाही, मागच्या दारानं. चावला तर विषय तिथंच संपला."

बाहेर येऊन त्यानं मिझोबेबाईंना फोन लावला, हिजिकीला एकदा इकडे आणाल का म्हणून. जामीन मिळाला का, असं त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," शिगेहारू म्हणाला.