चिंच, राख आणि वहिनीचे हात

राजमवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून तंजावरच्या घरात आम्ही दोघेच. दरवर्षी आईचे श्राद्ध मी करतो आणि त्या दिवशीचा स्वयंपाक वहिनी सोवळ्यात करते, आईने शिकवला तसा. त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तिला खपत नाही.

यंदा श्राद्ध जवळ आले आणि तिच्याच हातांनी दगा दिला. बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठले, खाजवून चिघळले. अशा हातांनी रांधून ब्राह्मणांना वाढायचे कसे? जवळच्या पापनाशम गावाहून स्वयंपाकीण आणू या का, असे मी हळूच सुचवले. तिने माझ्यासमोरची कॉफी उचलून आत नेली.

त्वचेच्या डॉक्टर जननी यांनी औषधी साबण लिहून दिला. वहिनी तो नेमाने लावी, तरी पुरळ वाढतच गेले. पुन्हा दवाखान्यात गेलो.

"अम्मा, साबणानंतर हातांना आणखी काय लावता?"

"काही नाही. चिंच आणि राख, तेवढंच."

"अय्यो, कशाला?"

"साबणात चरबी असते. सोवळं मोडतं. मग हात शुद्ध करायला नकोत?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अशी पितळेची भांडी घासतात, अम्मा! चिंच बंद. हा साबण खोबरेल तेलाचा आहे, चरबी नाही त्यात."

वहिनीला ते पटले नाही. डॉक्टरांना सोवळ्यातले काय कळणार? शेवटी मीच धीर करून आमचे पुरोहित सेतुमाधवराव यांना घरी बोलावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"वहिनी, मंत्र सांगताना माझ्या कनवटीला मोबाईल वाजतो. चालतो का तुम्हाला?"

"नाही चालत. पण तुम्हाला बोलणार कोण?"

ते पोट धरून हसले. "मग तुमच्या साबणालाही कोण बोलणार? धुतल्यावर तो हातावर उरतो कुठं? वरून चांगलं पाणी घ्या, झालं सोवळं. मी जेवायला बसणार आहे ना!"

चिंच थांबली तशी कातडी हळूहळू कोरडी झाली. श्राद्धाच्या दिवशी उजाडताच वहिनी न्हाऊन स्वयंपाकघरात शिरली आणि मला उंबऱ्याबाहेरच उभे केले. मी तिथेच उभा राहिलो. तिला पुन्हा असा दरारा दाखवताना पाहून मला बरेच वाटले.

दुपारी सेतुमाधवरावांनी उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी दोनदा मागून घेतली. वाढणाऱ्या हातांकडे कोणी पाहिलेही नाही.

हात धुण्यासाठी मोरीत नेलेला चिंचेचा डबा वहिनीने पुन्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आहे. मोरीत त्याच्या जागी आता साबण आहे.